‘आंग आंबनं’ म्हणजे काय झालं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी डॉक्टर आहे. जन्म आणि शिक्षण मुंबईत झालं, गेल्या जूनपासून धुळे जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. मराठी मातृभाषा आहे, तेव्हा बोलण्याची अडचण येणार नाही असं वाटलं होतं. दिवाळीनंतर केंद्रात बायकांची रांग वाढली आणि जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य : “आंग आंबनं, डॉक्टर.” मला वाटलं आंबट ढेकर येत असतील. पहिल्या आठवड्यात कितीतरी जणींना मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. एक आजी चार दिवसांनी गोळ्यांचं पाकीट तसंच परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पोटले काहीच नही व्हयेल बेटा, आंग आंबनं.” मग नर्सताईंनी सांगितलं की याचा अर्थ थकवा. तेव्हापासून मी केसपेपरवर ‘थकवा’ लिहितो. पण थकवा आला म्हणून सांगणारे वेगळे आणि या बायका वेगळ्या, असं मला रोज जाणवतं. आंबणं म्हणजे थकवाच का? की अंगदुखी? शिवाय माझा एक मित्र म्हणतो, स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून हा शब्द आला. हे खरं का?
(एक वैद्यकीय अधिकारी, जिल्हा धुळे)

उत्तर : डॉक्टर, तुमचं पत्र वाचलं आणि मला त्या आजींचा हेवा वाटला. आपला शब्द डॉक्टरला कळला नाही म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, चार दिवसांनी पुन्हा आल्या आणि तोच शब्द पुन्हा सांगितला. दुसरा शब्द त्यांनी शोधला नाही, कारण त्यांना दुसरा चालणारच नव्हता. तुम्हाला जे जाणवतंय ते बरोबर आहे. आंबणं म्हणजे थकवा नव्हे. थकव्याच्या घरातलं ते माणूस आहे, पण त्याची खोली वेगळी आहे.

हा शब्द खानदेशाच्या मालकीचा नाही. हातपाय आंबले, मान आंबली असं सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात. आमच्याकडे तो जरा जास्त बोलला जातो एवढंच. मूळ सरळ आहे : संस्कृत ‘अम्ल’ म्हणजे आंबट, प्राकृतात त्याचं ‘अंब’ झालं, त्यातून आंबट, आंबणं, आंबवणं, आंबील, आंबोळी ही सगळी मंडळी आली. आंबा मात्र यांच्यातला नाही. तो ‘आम्र’ पासून आला, आणि त्याचंही प्राकृतात ‘अंब’च झालं, म्हणून दोघं भाऊ वाटतात. कैरी आंबट असल्यामुळे हा गैरसमज पक्का होतो. शाळेत दरवर्षी कुणीतरी मला हे विचारायचंच.

पण व्युत्पत्ती सांगून शब्द कळत नाही. हा शब्द मला कळला तो बिबड्यांमुळे.

तुम्ही खानदेशात नवे आहात, उन्हाळ्यात गच्च्यांवर आणि अंगणात धोतराच्या, लुगड्याच्या ओल्या कापडांवर पांढरट गोल वाळत घातलेले दिसतील, ते बिबडे. ज्वारीचे. माझी माय चैत्रात ज्वारी मोठ्या डेगीत भिजत घालायची आणि तीन दिवस ठेवायची. रोज सकाळी पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी दाणा फक्त फुगतो. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बारीक फेस धरतो. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की घरभर वास सुटतो, आंबूस, पण कुजका नाही. मग माय एक दाणा काढून अंगठा आणि पहिल्या बोटात दाबायची. टचकन फुटला तर अजून व्हायचा आहे. मऊ होऊन पिठासारखा पसरला, की ती म्हणायची, “आंबनी.” मग ती ज्वारी उपसून, फडक्यावर कोरडी करून भरडायची, आणि दुसऱ्या दिवशी लसूण, तीळ, तिखट, मीठ घालून तिचा घाटा शिजायचा.

आता बघा. पहिल्या दिवशीच्या ज्वारीला माय ‘भिजनी’ म्हणायची. ‘आंबनी’ हा शब्द तिसऱ्या दिवसाचा. मधे काही करायचं नसतं, नुसता वेळ जावा लागतो. अंगाचंही अगदी तसंच. एक दिवस शेतात राबून संध्याकाळी घरी आलात, तर तुम्ही थकलात, दमलात, भागलात. जेवलात, झोपलात, सकाळी उठलात की बरं. पण दुसऱ्या दिवशी त्याच अंगाने तेच काम, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मधे अंगाला उसंत नाही, तर तो थकवा निघून जात नाही. अंगात मुरतो. पोटऱ्या, मांड्या, कंबर, दंड जड होतात, दाबलं की दुखतं आणि दाबलं की बरंही वाटतं. त्याला आंबणं म्हणतात. आंबणं म्हणजे निघून न गेलेला थकवा.

तुमच्या केंद्रात दिवाळीनंतर हा शब्द का वाढला, तेही आता तुमच्या लक्षात येईल. कापसाची वेचणी. आमच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी कमरेच्या वर जाते, पण बोंडं काही सगळी वर लागत नाहीत. खालच्या फांद्यांवरचा कापूस काढायला वाकावं लागतं, वरच्यासाठी उभं राहावं लागतं, आणि हे दर पावलाला. पोटाशी बांधलेली ओटी भरत जाते तसा पुढचा भार वाढतो आणि कंबर तो मागे ओढून धरते. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचत राहतात. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, जितके किलो तितकी मजुरी, म्हणून दुपारीही कुणी फार टेकत नाही. आणि घरी आल्यावर चूल आहेच. हे एक दिवस नाही, आठवडेच्या आठवडे चालतं. त्या आजींनी पाकीट परत आणलं तेव्हा त्यांची नखं बघितली असती, तर तुम्हाला तिथेच उत्तर दिसलं असतं. हे दोष द्यायला म्हणत नाही. मुंबईच्या कॉलेजात हे कोण शिकवणार?

पावसाळ्यात निंदणीच्या दिवसांत हाच शब्द पायांसाठी येतो, कारण दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकायचं असतं. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्या माणसाच्या तोंडी तो मानेसाठी आणि खांद्यांसाठी येतो. बैलांचेही खांदे आंबतात. आमच्या घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा तूप-हळद घेऊन बैलांचे खांदे मळायचे, आणि मळता मळता त्यांच्याशी बोलायचे, ते मला अजून ऐकू येतं.

या शब्दाच्या वापरात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या मला मराठी शिकवताना फार आवडायच्या. पहिली म्हणजे माणूस स्वतः सहसा आंबत नाही. मी थकले, मी दमले, मी शिणले असं आपण म्हणतो, पण ‘मी आंबले’ असं क्वचितच कुणी म्हणतं. अंग आंबतं, पाय आंबतात, कंबर आंबते. म्हणजे बोलणारी बाई स्वतःला आणि आपल्या अंगाला थोडं वेगळं ठेवून सांगते : मी धड आहे, कामाला तयार आहे, अंग तेवढं आंबलंय. मनालाही हा शब्द आमच्याकडे सहसा लागत नाही. मन शिणतं, मन विटतं, मन करपतं, आंबतं ते बहुतेक अंगच.

दुसरी गोष्ट, हे क्रियापद बहुतेक भूतकाळातच येतं. ‘माझं अंग आता आंबतं आहे’ असं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. दूध विरजताना जसं दिसत नाही, सकाळी झाकण काढल्यावर कळतं, तसं अंग आंबलेलं उठतानाच कळतं. अहिराणीत त्या भूतकाळाचं रूप ‘आंबनं’ असं होतं, पाय असतील तर ‘आंबनात’, कंबर असेल तर ‘आंबनी’. तुमच्या कानाला ते प्रमाण मराठीतल्या ‘आंबणं’ या नामासारखं वाटेल. तसं ते नाही. “आंग आंबनं” हे पूर्ण वाक्य आहे : अंग आंबलं.

आता शेजारचे शब्द, तुमच्या केसपेपरपुरते. थकवा हा शब्द आता दवाखान्याचाच झाला आहे, त्यात कारण सांगितलेलं नसतं. शीण हा प्रवासाचा, पाहुणचाराचा, लग्नघराचा, आणि तो उतरतो. पाणी दिलं, बसायला दिलं, कुणी दोन शब्द मायेने बोललं की शीण उतरतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात त्या शीण उतरवायलाच. आंबलेलं अंग मात्र गोड बोलण्याने उतरत नाही, त्याला शेक लागतो, चोळावं लागतं, आणि दोन दिवस काम बंद लागतं. ‘अंग मोडून येणं’ म्हणजे तापाची चाहूल, ते तुम्हाला ठाऊक असेल. मेटाकुटीला येणं हा गुडघे टेकण्याशी जोडलेला शब्द, ओझ्याखाली गुडघ्यावर आलेलं जनावर डोळ्यांपुढे आणा. तो बहुतेक कर्जापायी, आजारपणापायी येतो, दवाखान्यात क्वचित.

एकच शब्द तुम्हाला फसवू शकतो तो ‘गळणं’. आमच्याकडे ‘ळ’ चा ‘य’ होतो. केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो. तसं हातपाय गळाले याचं “हातपाय गयी गयात” होतं. ते ‘गेले’ असं ऐकू येईल, पण अर्थ आहे गळाले, ताकदच उरली नाही. आणि इथे नीट थांबून ऐका, कारण आंबणं आणि गळणं यांच्यात फार मोठं अंतर आहे. आंबलेल्या माणसाला आपलं कारण माहीत असतं. काल काय केलं हे तो पहिल्याच वाक्यात सांगतो. गळालेल्याला कारण सापडत नसतं, म्हणून तर तो तुमच्याकडे आलेला असतो.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटत नाही, आणि ते मी मन दुखवायला म्हणत नाही. लॅक्टिक आम्ल हे नाव दुधावरून पडलं. १७८० मध्ये स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. त्यामुळे दूध आंबणं आणि अंग आंबणं ही जोडी जुळवायचा मोह होतो. माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे, त्याच्याशी मी यावर तासभर बोलले. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे : जोरकस श्रमात रक्तात वाढलेलं लॅक्टेट विश्रांती मिळाली की तास-दोन तासांत पूर्ववत होतं, आणि अंगाचं दुखणं तर दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि तिथे येणाऱ्या दाहामुळे. आम्ल तेव्हा केव्हाच निघून गेलेलं असतं. ज्या बायकांनी हा शब्द घडवला त्यांना रसायन ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होतं असं म्हणून त्यांचा मान वाढत नाही. त्यांना डेग ठाऊक होती. ठेवल्याने वस्तूचं काय होतं हे त्या रोज बघत होत्या. आंबटपणासाठी नाही, त्या ‘ठेवल्या’साठी त्यांनी हा शब्द अंगाला लावला, असं मला वाटतं. आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं हे तुमचं शास्त्रही सांगतं, त्या अर्थाने शब्द अगदी बरोबर बसला आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायचं आहे.

मी तेव्हा नववीत होते. उन्हाळा होता. शेतात काही नव्हतं, पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, नांगरटी झाल्या होत्या. माय घरीच होती. आणि ती रोज म्हणायची, “आंग आंबनं वं माय.” आम्हाला त्यात नवीन काही वाटलं नाही, कारण हे वाक्य आम्ही जन्मापासून ऐकत होतो. हिवाळ्यात वेचणीहून आली की ती पालथी पडायची आणि धाकट्या भावाला म्हणायची, “पायवर उभा राह्य.” तो भिंतीला धरून तिच्या पोटऱ्यांवर, मांड्यांवर हळूहळू चालायचा आणि ती डोळे मिटून घ्यायची. त्या उन्हाळ्यातही तो चालला. पण तिने डोळे मिटले नाहीत, त्याला खाली उतर म्हणाली. मी ते बघितलं आणि सोडून दिलं.

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सलाईन लावली, अंगदुखीच्या गोळ्या दिल्या, आणि वय झालं आता असं म्हणाले. तिचं वय चाळीसही नव्हतं. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

आखाजीला माझी आत्या आली. माय अंगणात बिबडे घालत होती, दोन घालायची आणि बसायची. आत्याने विचारलं, काय होतंय. मायने तेच वाक्य सांगितलं. आत्या तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “वावरमा गई नही, मंग आंग कसं आंबनं?”

इतकंच. शेतात गेली नाहीस, मग अंग कसं आंबलं? आत्या शाळेत गेलेली नव्हती. पण त्या शब्दाला मागे काम लागतं, कामाचे दिवस लागतात, हे तिच्या कानात पक्कं होतं. हंगाम नसताना तो शब्द आला, म्हणून तिला तो टोचला. आम्ही सगळे, मी तर मराठीत पहिली येणारी, तो ऐकूनही बहिरे होतो. तिने मायच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आतला भाग कागदासारखा पांढरा होता. दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला नेलं. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. मायने वाक्य चुकीचं सांगितलं नव्हतं, तिच्याजवळ त्या जडपणासाठी दुसरा शब्दच नव्हता. आयुष्यभर अंग जड झालं ते कामानेच, तर हेही तसंच असेल असं तिने धरलं.

म्हणून डॉक्टर, केसपेपरवर तुम्ही ‘थकवा’ लिहिता तिथे तिचा शब्दच लिहा, ‘अंग आंबलं’, आणि पुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रश्न अहिराणीतच विचारा, बायका मोकळ्या होतील : “काय काम व्हतं?” आणि “कितला दिन व्हयनात?” वेचणी, निंदणी, कांदे काढणी, लग्नाचा स्वयंपाक असं काही ती पटकन सांगेल, तर बहुधा ते आंबणंच आहे. तिला गोळीपेक्षा दोन दिवसांची रजा लिहून देता आली असती तर किती बरं झालं असतं, पण शेतात रजा कोण देतं. निदान गरम पाण्याने शेकायला सांगा, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, म्हणजे पाणी तापवायचं कामही तिच्यावर येणार नाही. पण ती “काम काहीच नही” म्हणाली, किंवा उत्तर द्यायला अडखळली, तर रक्त तपासा. चैत्र-वैशाखात हा शब्द ऐकलात तर जास्तच कान द्या. तपासणी काय करायची ते तुमचं शास्त्र, त्यात मी बोलत नाही.

माय बरी व्हायला पावसाळा गेला. दोनदा रक्त चढवलं, महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या चालल्या, तोंडाला लोखंडाची चव येते म्हणून ती गुळाचा खडा धरून बसायची. दिवाळीनंतर आमच्याच शेतात पहिली वेचणी होती. बाबा नको म्हणत होते तरी ती गेली, संध्याकाळी ओटी सोडून ओट्यावर बसली आणि म्हणाली, “आंग आंबनं.” आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, तिने थापता थापता मागे वळून बघितलं, हसली, आणि धाकट्याला म्हणाली, “जाय रे, मायना पायवर उभा राह्य.”